सतरा घंटांची शेवंती

२४ ऑगस्ट

रमोना,

तुला मेल पाठवली की दोन सेकंदांत उत्तर येतं : "आमच्याशी संवाद साधल्याबद्दल आभार. आपला आवाज आमच्यासाठी मोलाचा आहे." गेल्या आठवड्यात माझा आवाज चार वेळा मोलाचा ठरला. म्हणून आता कागद. कागद निदान केराच्या टोपलीत टाकायला तरी माणूस लागतं.

तुझं परिपत्रक वाचलं. एक ऑक्टोबरपासून सल्ला-तास बंद. त्या अर्ध्या तासात पोरांची परीक्षेची तयारी करून घ्यायची. आणि 'विद्यार्थ्यांमधील आपलेपणाची भावना' सांभाळायला त्याआधीच, येत्या सोमवारपासून, फोनवर एक ॲप येणार, त्यात पाच चेहरे. रोज सकाळी पोरांनी त्यातला एक दाबायचा. खाली तुझी सही, जिल्ह्यातल्या शाळांची उपअधीक्षक म्हणून. सही तीच आहे अजून, शेवटच्या अक्षराची शेपटी उडवलेली. त्याच शेपटीने तू माझ्या खोलीच्या फळ्यावर लिहिलं होतंस, 'प्रत्येक पोराला एक मोठं माणूस'. तुझ्या काचेच्या नव्या इमारतीत कुणाला माहीत आहे का, की हा तास तुझ्याच डोक्यातून निघालाय? सांगितलं नसशील. मीही सांगितलं नसतं.

मी मात्र विसरलेले नाही. नऊ वर्षांपूर्वीचा पदवीदान सोहळा. आडनावांच्या क्रमाने चाललेला, ऊन डोक्यावर, नऊशे पोरं. शेवटून तिसरा एक मुलगा मंचावर चढला, हात मिळवला, उतरला. टाळी नाही. एकही नाही. आपल्या रांगेतल्या अकरा शिक्षकांपैकी एकालाही त्याचं नाव ओळखीचं वाटलं नाही. चार वर्षं तो आपल्या शाळेत होता, रमोना. एवढी वर्षं भिंतीला पोपडा आला असता तरी कुणीतरी तक्रार केली असती. तू पार्किंगमध्ये तुझ्या गाडीच्या बॉनेटवर बसून रडलीस आणि बार्बेक्यूच्या पिशवीवर योजना लिहिलीस. सतरा पोरं, एक शिक्षक, नववीत जोडी जमली की बारावीपर्यंत सुटायची नाही. आठवड्यातून दोनदा अर्धा तास. नाव सल्ला-तास. मी आजवर एकही सल्ला दिलेला नाही, म्हणून तर तो चालला.

माझी सतरा पोरं आता बारावीत आहेत. काल त्यांना सांगितलं.

क्वांग म्हणाला, "म्हणजे मिस, आमचा घटस्फोट?"

ब्रँटली हा आपल्या फुटबॉल संघाचा बचावपटू, दारातून तिरका होऊन आत येतो. तो फार गंभीरपणे म्हणाला, "मग मी कुणाकडे राहायचं?"

नायेली काहीच बोलली नाही. नायेली झावाला. ती तीन वर्षांत फारसं कधीच बोलली नाही. क्वांगच्या विनोदांवर न हसणं हे तिचं काम आणि ते ती नेटाने करते. तो म्हणतो, ही हसली की मी धंदा बंद करणार. तिचं आडनाव क्रमात पार टोकाला आहे. सोहळ्यात ती शेवटून तिसरी किंवा चौथी असेल. हे मी सहज लिहितेय.

मी तास बंद करणार नाही. आधीच कळवते, म्हणजे नंतर फसवलं म्हणायला नको.

डेल्फिन कुबेना
रसायनशास्त्र, आणि अजून तरी बरंच काही


२० सप्टेंबर

रमोना,

उत्तर आलं नाही. मोलाचा आवाज पोचला असं धरून चालते.

तुझ्या ॲपची खबर देते, कारण तुझ्यापर्यंत नुसते आलेख येत असणार. क्वांगने पहिल्या दिवसापासून रडका चेहरा दाबायला सुरुवात केली. मी विचारलं, "काय रे, काय झालं?"

"काही नाही मिस. कोण येतं ते बघतोय."

रोज दाबला. कुणी आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात फोनवर एक कुपन आलं : 'तू एकटा नाहीस! कॅन्टीनमध्ये पिझ्झाचा एक तुकडा मोफत.' क्वांगने तो तुकडा वर्गात आणला, सगळ्यांना दाखवला आणि खाल्ला. "दुःखाची चव तशी बरी आहे," म्हणाला, "चीज कमी आहे."

आपल्या शाळेत पोरं चार हजार शंभर. बातमीला एक जेवणाची सुट्टी पुरली. सोमवारी आठशे पोरं धाय मोकलून रडत होती. मंगळवारी कॅन्टीनमधला पिझ्झा संपला. बुधवारी तुझ्या ऑफिसातून तीन समुपदेशक आणि पोरांना कुरवाळायला एक कुत्रा आला. कुत्रा फार चांगला होता. उपप्राचार्य गॅडिस माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "मिस कुबेना, ही साथ तुमच्या खोलीतून सुरू झाली असं कळतं."

"साथ नाही साहेब, भूक आहे."

"वरिष्ठ चिंतेत आहेत."

"मग त्यांनाही चेहरा दाबायला सांगा. पिझ्झा मिळेल."

पण जो खरंच रडका चेहरा दाबत असेल त्याचं काय, हा प्रश्न तुझ्या मनात आला का? आलाच असेल. तुझ्या मनात प्रश्न पहिल्यांदा येतात, ही तुझी जुनी खोड. ती गेली असेल तर ऑपरेशन फारच यशस्वी झालं म्हणायचं.

डेल्फिन


९ ऑक्टोबर

रमोना,

एक तारखेला तू तासांचं वेळापत्रक बदललंस. माझी सतरा पोरं सतरा वर्गांत वाटलीस, गणिताचे पर्याय खोडायला. ठीक.

मंगळवारी दहा वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या खोलीत एकटी बसले होते. दार वाजलं. क्वांग. हातात रबरी कोंबडी. (तू गेल्यापासून एवढंच बदललेलं नाही : लघवीला जायचं तर शिक्षकाने ठेवलेली वस्तू हातात धरूनच कॉरिडॉरमध्ये फिरायचं.) मागोमाग ब्रँटली, काखेत कमोडचं झाकण. मग एक लाकडी पळा, एक गाडीची नंबर प्लेट, एक प्लास्टिकचा खेकडा. शाळेच्या चारी कोपऱ्यांतून एकाच मिनिटाला सगळ्यांना लागली होती. माझं टेबल भंगारवाल्याच्या गाड्यासारखं दिसायला लागलं. मी काही बोलावलं नव्हतं. हे चौकशीतही सांगेन, आणि ते खरं आहे.

गॅडिस आलेच. "मिस कुबेना, एवढ्या जणांचं पोट एकदम बिघडलं?"

ब्रँटली म्हणाला, "सर, आमचं पोट ठीक आहे. आमचं डोकं फिरलंय."

मला लेखी समज मिळाली. माझं टेबल डुगडुगत होतं, आता डुगडुगत नाही. तुझ्या ऑफिसचा कागद जाड असतो.

पण हे पत्र त्यासाठी नाही. टेबलावर वस्तू सोळा होत्या. नायेली आली नव्हती.

आपला नियम तुला आठवतो? गैरहजर असेल त्याला स्पीकरवर फोन लावायचा आणि सगळ्यांनी मिळून शिव्या घालायच्या. तुझ्या मूळ मसुद्यात 'प्रेमाने विचारपूस' असं होतं, अमलात आणताना थोडा फरक पडला. पोरांनी फोन लावला. वाजत राहिला. गुरुवारी पुन्हा. क्वांगने एक विनोद सांगितला, सगळे हसले, आणि तो म्हणाला, "छे. तिच्याशिवाय कळत नाही विनोद वाईट आहे की नाही."

मी हजेरी खात्यात विचारलं. म्हणाले, रेकॉर्ड केलेला फोन घरी रोज जातोय, यंत्रणा व्यवस्थित चालू आहे. तुझ्या ॲपवाल्यांना विचारलं. त्यांनी संगणकात पाहिलं आणि बाई हसल्या. "झावाला? काळजीचं कारण नाही हो. ती रोज हसरा चेहरा दाबते."

शाळेत न येता, रमोना. रोज. हसरा.

डेल्फिन


१६ ऑक्टोबर

रमोना,

काल शिक्षण मंडळाच्या सभेत मी मागच्या रांगेत होते. तू मला पाहिलंस, आणि मग पाण्याचा ग्लास पाहिलास.

तू बोललीस छान. नेहमीच बोलतेस. पडद्यावर एक हिरवी रेघ होती, सपाट, वरच्या टोकाला. तू म्हणालीस, "नाव सांगता येणार नाही, पण ही बारावीची एक विद्यार्थिनी. अत्यंत अबोल. पूर्वी जिच्यापर्यंत कुणी पोचलं नसतं. या सत्रात एकही दिवस असा नाही, की ती हसली नाही." मंडळाच्या अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

त्या हिरव्या रेघेला भेटून मला दोनच दिवस झाले होते.

ब्रँटलीच्या ट्रकमध्ये आम्ही गेलो होतो. रिफायनरीच्या कुंपणामागे फिरत्या घरांची वस्ती आहे, तिथे. मी, ब्रँटली, क्वांग आणि मागे उघड्यावर बसलेले चार जण, ज्यांच्याबद्दल तुझ्या विमावाल्यांना सांगू नकोस. दार नायेलीने उघडलं. अंगात बेकरीचा एप्रन, केसांत पीठ. मागे कोचावर तिची आई, पाठीला पट्टा. कोळंबी सोलायच्या कारखान्यात घसरली होती. आणि जमिनीवर धाकटी बहीण, तीन वर्षांची लुपिता, हातात नायेलीचा फोन.

फोन टिंग वाजला. लुपिताने अंगठा मारला. पडद्यावर फुगे उडाले. लुपिता खदाखदा हसली.

"रोज आठ वाजता वाजतो," नायेली म्हणाली. "आज उशिरा वाजला. हसरा दाबला की फुगे येतात. रडका दाबला की काहीच येत नाही."

तुझी हिरवी रेघ तीन वर्षांची आहे, रमोना. अजून पँट बदलावी लागते.

"आणि शाळेचे फोन?" मी विचारलं.

"इंग्रजीत येतात मिस. आईला कळत नाही. 'तुमचं मूल आज गैरहजर आहे, कळलं असल्यास एक दाबा.' मी एक दाबते."

मग ब्रँटली तिला म्हणाला, "तू आम्हाला का सांगितलं नाहीस?"

"कुठे सांगू? तास बंद झाला ना. आता मी ज्या वर्गात असते तिथे मला नंबर आहे. चार हजारांत एक कमी झाला तर कळतं कुणाला?"

"आम्हाला कळतं," क्वांग म्हणाला. "मी दोन आठवडे विनोद करतोय आणि सगळे हसतायत. माझं वाटोळं होतंय. तू परत ये."

ती हसली नाही. पण तिने त्याला आत घेतलं, आणि बेकरीतून आणलेले कालचे कोलाचे, ते मधे मुरंबा भरलेले गोड पाव, आमच्यापुढे ठेवले. जर्दाळूचे. आत काय बोलणं झालं ते लिहीत नाही. माझं नाही ते.

तोडगा तुझ्या कुठल्याच खात्यातून निघाला नाही. ब्रँटलीची आजी चर्चमध्ये पाळणाघर चालवते. तिने लुपिताला ठेवून घेतलं. "एक वाढली तर काय, आधीच गोंगाट आहे," एवढंच म्हणाली. नायेलीने बेकरीची पाळी संध्याकाळवर नेली. सोमवारी ती शाळेत येतेय.

मी काल सभेत उठून हे सगळं सांगू शकले असते. तुला तोंड लपवायला जागा उरली नसती. उठले नाही, ते तुझ्यासाठी नाही. त्या पोरीची गोष्ट मला भर सभेत वाजवायची नव्हती. तुझ्यासाठी ती इथे लिहिलीय. आता तुला माहीत आहे. माहीत नव्हतं, असं आता म्हणता येणार नाही.

डेल्फिन


३० ऑक्टोबर

रमोना,

जुन्या विद्यार्थ्यांना परत बोलावणारा तो होमकमिंगचा सामना आपण हरलो, तो विषय बंद. शेवंतीचा विषय उघडते.

तुला ठाऊक आहे, मी या प्रकाराची जन्मभर टिंगल केली. टेक्सासात वाढून छातीवर कधी शेवंती बांधली नाही, असा माझा अभिमान. ताटाएवढं कापडी फूल, त्याखाली गुडघ्यापर्यंत फिती, फितींवर चमकी लावून आपलं नि आपल्या मित्राचं नाव, खाली घंटा. होमकमिंगच्या शुक्रवारी पोरी दिवसभर किणकिणत फिरतात आणि मी जड मूलद्रव्यांवर शिकवते. ज्यांना कुणी शेवंती देत नाही, त्या पोरी त्या दिवशी भिंतीलगत चालतात. मला ते दिसायचं. मी टिंगल केली, कारण टिंगल स्वस्त पडते.

यंदा पोरांनी ठरवलं, जोड्याबिड्या गेल्या खड्ड्यात, सतरा जणांत एकच शेवंती. ब्रँटलीच्या गॅरेजमध्ये बनवली. दाराएवढी झाली. सतरा फिती, प्रत्येकीवर एक नाव, प्रत्येकीच्या टोकाला गुरांच्या गळ्यातली असते तसली घंटा. बांधणार कोण? ब्रँटलीला पेलली असती, पण तो मैदानात. सगळ्यांनी नायेलीकडे पाहिलं.

"मी नाही," नायेली म्हणाली. "सगळे बघतील."

"तेच तर काम आहे शेवंतीचं," क्वांग म्हणाला.

तिने घातली. खांद्यावरून पट्टे, ट्रकची सीट बांधायचे. शुक्रवारी सकाळी ती मुख्य दारातून आत आली तेव्हा आवाज असा, की माझ्या खोलीत बसून मी सांगितलं असतं, ती आता जिन्यावर आहे, आता ट्रॉफीच्या कपाटापाशी. चार हजार पोरं बाजूला झाली. गॅडिससुद्धा. भिंतीलगत चालायला तिला जागाच नव्हती, शेवंती मावेना.

सोबत एक घंटा पाठवतेय. ब्रँटलीने मोजताना चूक केली, एक जास्तीची आली. माझं मत होतं फेकून द्यावी. मतदान झालं. कुणी म्हणालं, "तास ज्या बाईने सुरू केला तिला पाठवा." मी म्हटलं, तिनेच बंद केला. तर नायेली म्हणाली, "म्हणूनच." सोळा विरुद्ध दोन मतांनी माझा पराभव झाला. एकाने, नाव सांगत नाही, मला दया म्हणून मत दिलं.

डेल्फिन


१३ नोव्हेंबर

रमोना,

चौकशीत तू माझ्यासमोर बसली होतीस आणि कागद वाचत होतीस. ते कागद कोरे होते. मी उलटं वाचू शकते, सगळे शिक्षक वाचतात.

मला माफी मागायला सांगितली. मी मागितली : ज्या सोळा सहकाऱ्यांच्या वस्तू मी अर्धा तास अडवून ठेवल्या त्यांची, विशेषतः रबरी कोंबडीच्या मालकिणीची. तुमच्या वकिलाने ती माफी नोंदवूनसुद्धा घेतली.

निकाल आला. सल्ला-तास बंदच. शाळेच्या वेळेत मी माझ्या खोलीत माझ्या वर्गाव्यतिरिक्त एकही विद्यार्थी बसवायचा नाही. पुन्हा केलं तर नोकरी. फार नीट वाचला. त्यात खोली म्हटलंय. कॉरिडॉर म्हटलेलं नाही. जेवणाची सुट्टीही म्हटलेलं नाही. हा मसुदा इतका ढिसाळ लिहिणारं माणूस मी एकच ओळखते, आणि ते माणूस ढिसाळ कधीच लिहीत नाही.

विचारत नाही. धन्यवादही म्हणत नाही.

मंगळवारी ट्रॉफीच्या कपाटाखाली, जेवणाच्या सुट्टीत. जमिनीवर.

डेल्फिन


२ जून

रमोना,

कालबद्दल लिहितेय. तू तिथे होतीस, मंचावर, दुसऱ्या खुर्चीत, हे मला माहीत आहे. तरी माझ्या जागेवरून काय दिसलं ते तुला कळायला हवं. मला शिक्षकांच्या रांगेत जागा नव्हती, 'आसनव्यवस्थेच्या अडचणीमुळे'. म्हणून मी वर, पालकांमध्ये, लुपिताला मांडीवर घेऊन. नायेलीची आई शेजारी, पाठीचा पट्टा नवीन पोशाखावरून बांधलेला.

तुमचा नियम तिकिटावर छापला होता : सर्व नावं संपेपर्यंत टाळ्या नाहीत, आवाज करणारी कोणतीही वस्तू आणू नये. दारावर पिशव्या तपासल्या. गाऊनच्या बाह्या कुणी तपासल्या नाहीत. नायेलीच्या आईने, पडल्यापडल्या, सतरा बाह्यांत शेवंतीच्या सतरा घंटा शिवल्या होत्या, कापूस भरून, म्हणजे चालताना वाजायच्या नाहीत.

नावं सुरू झाली. भाड्याने आणलेला तो आवाज, सगळ्यांना सारखाच आनंदाने हाका मारणारा. माझी पोरं आडनावांप्रमाणे नऊशे जणांत विखुरलेली, कोण कुठे. पहिल्या तासात लोक नियम विसरून ओरडले, तुम्ही दुर्लक्ष केलंत. दुसऱ्या तासात ज्यांची पोरं झाली ते उठून जेवायला गेले. शेवटाला आलो तेव्हा बाकं रिकामी, रिफायनरीची ज्योत तेवढी मन लावून जळत होती. तुला आठवलं असेल. मला आठवलं.

"नायेली झावाला."

ती पायरीवर चढली. कुणीच उठलं नाही. एक क्षण मला वाटलं, पोरं विसरली. इतके तास उन्हात बसून कुणीही विसरेल.

मग पहिल्या रांगांतून ब्रँटली उठला. तो उठतो तेव्हा फ्रीज उभा केल्यासारखं दिसतं. त्याने बाहीतला कापूस उपटून फेकला आणि हात वर करून हलवला. मग मधून क्वांग. मग डावीकडून, मग पार कडेने, एकेक जण, एकमेकांपासून इतके लांब, की त्या गर्दीत त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाला वाटू नये. माझ्या मांडीवरची लुपिता उभी राहून किंचाळली. मी बसून राहिले, तिला धरायचं होतं म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आणि मग एक घंटा मंचावरून वाजली.

प्राचार्यांनी वाकून आपल्या खुर्चीखाली पाहिलं. अध्यक्षांनी आभाळाकडे. तू समोर पाहत होतीस, सरळ, चेहरा अगदी परिपत्रकासारखा, आणि तुझा उजवा हात गाऊनच्या खिशात होता.

नायेलीने प्रमाणपत्र घेतलं, तुझ्याकडे पाहिलं आणि हसली. चार वर्षांत पहिल्यांदा. क्वांगचा त्यात काहीही हात नव्हता, आणि तो अजून त्यातून सावरलेला नाही.

यावरून मी तुला माफ केलं असं समजू नकोस. तास तू मारलास. हिरवी रेघ तू दाखवलीस. खिशातली घंटा म्हणजे राजीनामा नव्हे. मला ती उघड्यावर, परिपत्रकाच्या कागदावर वाजलेली हवी आहे.

तोवर आमचं चालू आहे. एप्रिलपासून ट्रॉफीच्या कपाटाखाली आमच्याशिवाय आणखी आठ घोळके बसतात, आठ शिक्षकांसकट. सगळ्यांची जेवणाची सुट्टी आहे, सगळे जमिनीवर आहेत, नियम कुणीच मोडत नाही. गॅडिस परवा सँडविच घेऊन आले आणि म्हणाले, "मी फक्त इथून चाललोय." अर्धा तास इथून चालत होते.

ऑगस्टमध्ये नववी येतेय. अकराशे पोरं, एकालाही दुसऱ्याचं नाव माहीत नाही. मी माझी सतरा निवडणार. मंगळवार, जेवणाची सुट्टी. नोकरी घ्यायची असेल तर तिथे येऊन घे, सगळ्यांसमोर, आणि येताना बसायला काहीतरी आण. फरशी गार असते आणि आपले गुडघे आता तसे राहिलेले नाहीत.

डेल्फिन

ता. क. घंटा परत पाठवू नकोस.